सरहद्दीच्या गावांतले भूमिगत युद्ध

गोव्याच्या मुक्तीचा इतिहास आपल्याकडे दोन तारखांवर उभा केला जातो. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने पणजी घेतली. मधली साडेपंधरा वर्षे पाठ्यपुस्तकात एखाद्या परिच्छेदात आटोपतात. त्या वर्षांत रात्री-अपरात्री घराबाहेर कोण पडत होते, कोणाच्या मांगरात कोण झोपून जात होते, पोलीस ठाण्यातल्या बंदुका कुठे नाहीशा होत होत्या, या प्रश्नांची उत्तरे शोधायला लागले की माणूस आपोआप उत्तरेकडे, पेडणे आणि डिचोलीच्या गावांत येऊन पोचतो. आठवणींच्या या संग्रहाचा विषय ही गावे आहेत, आणि त्यांच्या आधारावर लढलेले आझाद गोमंतक दल.

ही गावे आणि हे दल ही नावे एकत्र का घ्यायची, हे समजायला नकाशा हाताशी हवा. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोलची नदी, दक्षिणेला कोलवाळकडून येणारी शापोरा, पश्चिमेला समुद्र. पूर्वेची बाजू तेवढी जमिनीने सावंतवाडीला जोडलेली, आणि त्या बाजूला पात्रादेवीचा नाका. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या पलीकडच्या तीरावर. तालुका पेडणे, पण चारी बाजूंनी शेजार भारताचा आणि पाण्याचा. डिचोलीकडे सीमा म्हणून सांगावी अशी नदीही फारशी नाही. साळ, लाटंबार्से, मेणकुरे या पट्ट्यातून डोंगर चढून-उतरून दोडामार्गाकडे जाता येते, आणि त्या वाटा गुराख्यांना, काजू गोळा करणाऱ्या बायकांना आणि चोरटा माल नेणाऱ्यांना सारख्याच ठाऊक होत्या. भूमिगतांना लागणारी पहिली गोष्ट बंदूक नव्हे, वाटाड्या. तो या गावांनी दिला.

याच्या मागे जुना इतिहास आहे. पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देस, सासष्टी सोळाव्या शतकात घेतली. डिचोली आणि पेडणे त्यांच्या हाती आली ती १७८१ ते १७८८ या काळात, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात धर्मांतराची लाट आली नाही, देवळे जागच्या जागी राहिली, आणि सोयरीक, बाजार, शाळा, भजन-कीर्तन यांची ओढ बांदा-सावंतवाडीकडेच राहिली. पेडण्याची लेक बांद्याला दिलेली, डिचोलीच्या व्यापाऱ्याची पेढी सावंतवाडीत, गावात मराठी शाळा चालवायला आलेले मास्तर घाटावरचे किंवा कोकणातले. लिस्बनने काढलेली सीमा सरकारी कागदावर ठसठशीत होती. माणसांच्या व्यवहारात ती जकातनाक्यापुरती होती. आझाद गोमंतक दलाचा सगळा पसारा या विसंगतीवर उभा राहिला, असे माझे मत आहे आणि या संग्रहातल्या आठवणी वाचून ते पक्के झाले आहे.

दलाच्या आधी इथे बंडे झाली नव्हती असे नाही. १७८७ चा पिंटोंचा कट बार्देसमधल्या ख्रिस्ती धर्मगुरूंचा आणि शिपायांचा होता. तो फुटला आणि त्यातल्या पंधरा जणांना देहदंड झाला. उत्तर गोव्याच्या स्मृतीत खोल बसलेली आहेत ती सत्तरीच्या राणे घराण्याची बंडे. दिपाजी राण्यांनी जानेवारी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढची तीनेक वर्षे सरकारला दमवले. पुढे १८६९ मध्ये कुष्टोबा, १८९५ मध्ये दादा राणे, १९१२ मध्ये शेवटचा उठाव. १८९५ ची सुरुवात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे: मोझांबिकला जाण्याचा हुकूम मिळालेल्या मराठा शिपायांनी समुद्र ओलांडायला नकार दिला, बंदुका घेऊन ते नाणूसकडे चालते झाले आणि राणे त्यांना येऊन मिळाले. हे बंड मोडायला लिस्बनहून खुद्द राजाच्या भावाच्या नेतृत्वाखाली फौज पाठवावी लागली. या लढ्यांना आजच्या अर्थाने राष्ट्रीय म्हणता येत नाही. त्यांच्या मुळाशी वतने होती, जमीनमहसूल होता, मानापमान होते. पण साखळी आणि सत्तरीच्या रानात लपायचे, ठाण्यावर अचानक पडायचे, पाठलाग झाला की हद्द ओलांडायची ही रीत तिथून आली. साखळी-डिचोलीच्या घरांत राण्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांना १९४७ नंतर या गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत.

दरम्यान राजकारण शहरांत घडत होते. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा काही वर्षे वृत्तपत्रांना मोकळा श्वास मिळाला. लुईस द मिनेझिस ब्रागांझांसारख्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. १९२६ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे सालाझारच्या राजवटीत तो संपला. १९२८ मध्ये त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस कमिटी काढली, १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरवले, आणि सेन्सॉरची कात्री अशी चालू लागली की लग्नपत्रिकाही मंजुरीशिवाय छापता येईना. लोहियांच्या सभेनंतर सत्याग्रहाला भरती आली. सरकारने उत्तर दिले ते लष्करी न्यायालयाने. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे अशा पुढाऱ्यांना शिक्षा ठोठावून पोर्तुगालला हद्दपार केले. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. गोव्यातले सत्याग्रही तेव्हा पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात किंवा घरच्या तुरुंगात होते.

त्याच वर्षी आझाद गोमंतक दल उभे राहिले. विश्वनाथ लवंदे, नारायण हरी नाईक, दत्तात्रय देशपांडे, प्रभाकर सिनारी ही त्यातली ठळक नावे. यातले बहुतेक जण सत्याग्रहाच्या वातावरणातच वाढले होते, आणि हातात शस्त्र घेताना आपण गांधीजींना सोडतो आहोत असे त्यांना वाटले नव्हते. त्यांचे म्हणणे सरळ होते: ज्या राजवटीत सभा घेता येत नाही, छापता येत नाही आणि कोर्टाचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिथे सत्याग्रहाचा आवाज कोणाच्या कानावर पडणार? पोलीस चौक्या, सरकारी पैसा, दळणवळण ही त्यांची लक्ष्ये होती. हत्यारे बहुतेक शत्रूच्याच ठाण्यातून मिळवायची. एकाला दुसऱ्या तुकडीचे नाव माहीत नसे, कारण मारहाणीत माणूस किती टिकेल हे कोणी सांगू शकत नसे. नाईक, देशपांडे, सिनारी पकडले गेले. लांबलचक शिक्षा झाल्या. काही सहकाऱ्यांना पोर्तुगाल आणि अंगोलाच्या तुरुंगांत पाठवले. सिनारी निसटले, लवंदेही हाती लागले नाहीत, आणि हद्दीपलीकडून पुन्हा बांधणी सुरू झाली.

दलाचा सर्वांत गाजलेला विजय गोव्याबाहेरचा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. दादऱ्याचे ठाणे युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने घेतले. त्यानंतर नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा पडले, त्यात दलाचे लवंदे-सिनारी होते आणि राजा वाकणकरांची तुकडी होती. संगीतकार सुधीर फडके, पुढे शिवशाहीर म्हणून ओळखले गेलेले बाबासाहेब पुरंदरे हे या मोहिमेत प्रत्यक्ष होते. मोहिमेच्या खर्चासाठी लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला. पोर्तुगाल हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेले आणि १९६० च्या निकालाने त्यांचे सैन्य तिथे परत जाण्याची वाट बंद राहिली. मूठभर भूमिगतांनी केलेल्या कामाचा शेवट जागतिक न्यायालयात व्हावा, हे त्या पिढीच्या चळवळींत क्वचितच घडले.

गोव्याच्या आत मात्र किंमत फार जबर होती. अस्नोडा हे गाव बार्देसचे, पण डिचोलीच्या उंबरठ्यावरचे. तिथला बाळा राया मापारी हा दलाचा तरुण कार्यकर्ता. अस्नोड्याच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यानंतर तो पकडला गेला. साथीदार कोण, हत्यारे कुठे, एवढेच पोलिसांना हवे होते. त्याने सांगितले नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये कोठडीतल्या मारहाणीने त्याचा जीव गेला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. गोवामुक्तीचा पहिला हुतात्मा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या मौनाने किती घरे वाचली याची यादी कोणी केली नाही, करता येणारही नाही. भूमिगत चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला हीच अडचण जागोजागी भेटते: जे सर्वांत महत्त्वाचे, ते न बोललेले.

मोहन रानड्यांची कहाणी महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. सांगलीचा मनोहर आपटे हा तरुण नाव बदलून गोव्यात शिरला आणि सावईवेऱ्याला मराठीचा मास्तर झाला. दिवसा मुलांचे पाढे, रात्री दलाचे काम. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळी लागून तो जखमी अवस्थेत सापडला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात रवानगी झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी पुन्हा कंबर कसली, तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, आणि जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर सात वर्षांनी, ते बाहेर आले. मराठी शाळेच्या मास्तराचे रूप त्यांनी निवडले यात योगायोग नाही. नव्या काबिजादींत बाहेरगावचा मास्तर ही रोजची गोष्ट होती. गावाला त्याचे नवल वाटत नसे.

याच वर्षांत सत्याग्रहाचा प्रवाहही याच तालुक्यांतून वाहत होता. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेद आफोंसो आणि त्यांच्या सोबत्यांनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन आले. आणि १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरचे निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर धडकले. पात्रादेवीला झेंडा घेऊन पुढे असलेल्या मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय यांना गोळी लागली. पंजाबचा कर्नैलसिंग झेंडा सावरायला पुढे झाला आणि तिथेच कोसळला. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळही तिथे पडले. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक माणसे मारली गेली. भारताने पणजीतली वकिलात बंद केली, रेल्वे थांबवली, आर्थिक नाकेबंदी आवळली, आणि त्याचबरोबर भारताच्या बाजूने होणारे सत्याग्रहही थांबवले.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. सत्याग्रह विरुद्ध शस्त्र असा सामना नंतर पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवर रंगला. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या घरांत तो नव्हता. ज्या स्वयंपाकघरात सत्याग्रहींसाठी पेजेचे मडके चढले, तिथेच आठवड्याने दलाच्या पोरांसाठी भाकऱ्या भाजल्या गेल्या. थोरला भाऊ अग्वादच्या तुरुंगात सत्याग्रही म्हणून, धाकटा दोडामार्गाच्या पलीकडे भूमिगत, असे दोन्ही धागे एकाच घरात असू शकत. सप्टेंबर १९५५ नंतर सत्याग्रहाचे दार बंद झाले तेव्हा उरली ती भूमिगतांचीच वाट. शिवाजीराव देसाई यांची गोवा लिबरेशन आर्मी, आणखी काही लहान गट याच काळात पुढे आले. डिचोलीच्या शिरगाव पट्ट्यातल्या लोखंडाच्या खाणींना तेव्हा बरकत येत होती आणि जपानला जाणारे खनिज पोर्तुगीज सरकारची तिजोरी भरत होते. त्यामुळे खाणी आणि त्यांची यंत्रे हल्ल्यांचे लक्ष्य झाली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून आणि नंतर कॅसलरॉकहून मुक्तीपर्यंत गुप्त नभोवाणी चालवली. बंदुकीचा आणि बातमीचा असा दुहेरी मोर्चा सीमेलगतच लागला होता.

समोरची बाजूही बदलत होती. पोर्तुगालचे गुप्त पोलीस गोव्यात आले. कासिमिरो मोंतेरो या अधिकाऱ्याचे नाव उत्तर गोव्यात अजून दबक्या आवाजात घेतले जाते. हाच माणूस पुढे १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांच्या खुनात गोवला गेला. पण त्या छळाचे हात नेहमी परदेशी नव्हते. ठाण्यात मारणारा शिपाई अनेकदा गोमंतकीय असे, खबर देणारा शेजारी असे, आणि दलाच्या गोळीला बळी पडलेल्यांतही गोमंतकीय होते. हे नाकारून लिहिलेला इतिहास जयंतीच्या भाषणाला चालेल, गावात वाचून दाखवता येणार नाही.

जगातल्या इतर गुप्त संघटनांशी तुलना केली की पेडणे-डिचोलीचे महत्त्व आणखी उठून दिसते. कोरियात १ मार्च १९१९ ला जपानी राजवटीविरुद्ध लाखो लोक निःशस्त्र रस्त्यावर उतरले आणि ते चिरडले गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, देशाबाहेर मांचुरियातल्या जीलिनमध्ये, किम वोन-बोंग आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी ‘उइयोलदान’ ही गुप्त संघटना स्थापन केली. जपानी गव्हर्नर जनरलच्या कार्यालयावर, पोलीस ठाण्यांवर, जमिनी बळकावणाऱ्या कंपनीवर त्यांनी बॉम्ब टाकले. १९२३ मध्ये शिन छे-हो या इतिहासकाराने त्यांच्यासाठी जाहीरनामा लिहून दिला. मांचुरियातल्या कोरियन सशस्त्र गटांनाही आधार होता तो सीमेपलीकडे वसलेल्या कोरियन शेतकऱ्यांचा, आणि जपानी सैन्याने सूड उगवला तोही त्याच गावांवर. निःशस्त्र उठाव चिरडला जाणे, पुढाऱ्यांना तुरुंगवास, मग सीमेपलीकडून चालणारी गुप्त संघटना हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. स्वातंत्र्यानंतरची उपेक्षाही. किम वोन-बोंग १९४८ मध्ये उत्तर कोरियात गेले, तिथे नाहीसे झाले, आणि दक्षिणेने त्यांचे नाव कित्येक दशके घेतले नाही. आपल्याकडे इतके टोक गाठले गेले नाही. सिनारी भारतीय पोलीस सेवेत वरच्या हुद्द्यावर पोचले, रानड्यांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण दल म्हणून, संघटना म्हणून, त्याचा नीट इतिहास उभा राहिला नाही.

याची कारणे लिखाणाच्या परंपरांतच सापडतात. पोर्तुगीज कागदपत्रांत दलाचे लोक दरोडेखोर किंवा दहशतवादी आहेत. त्या कागदांत तारखा आणि ठिकाणे नेमकी असतात, हेतू कधीच नसतो. भारताच्या सरकारी लेखनाला अहिंसेच्या आंतरराष्ट्रीय भूमिकेची काळजी होती, म्हणून सशस्त्र बाजू पुसट ठेवली गेली. समाजवादी, जनसंघ, कम्युनिस्ट या पक्षांच्या इतिहासांत ज्याने-त्याने आपापल्या तुकड्यांची नोंद केली. आणि चौथी परंपरा आठवणींची: रानड्यांचे ‘सतीचे वाण’ त्यातले महत्त्वाचे पुस्तक. या आठवणी मोलाच्या आहेत, पण त्या लढणाऱ्यांच्या आहेत. होडी हाकणाऱ्या तारीची, रात्री कवाड उघडणाऱ्या आजीची, बंदूक गवताच्या उडवीत लपवणाऱ्या कुळाची बाजू या चारही परंपरांत जवळजवळ नाही. प्रस्तुत संग्रह ती जागा भरायला निघाला आहे.

हे काम आता व्हायला हवे होते, आणखी दहा वर्षांनी नव्हे. १९५५ मध्ये वीस वर्षांचे असलेले आज नव्वदीपलीकडे आहेत. रानडे २०१९ मध्ये गेले. मोप्याच्या पठारावर २०२२ अखेरीस विमानतळ झाला आणि पेडण्याच्या सड्यांचे, पायवाटांचे, नावांचे रूप झपाट्याने पालटते आहे. पात्रादेवीवरून रुंद महामार्ग जातो. स्मारकापाशी गाडी थांबवणाऱ्यापेक्षा न थांबवणारे अधिक. डिचोलीत खाणींनी काही डोंगरच उरू दिले नाहीत. वाट दाखवणारा माणूसही गेला आणि वाटही गेली, तर ‘इथून रात्री पोरे आणली’ या वाक्याला पुरावा कशाचा राहणार?

संकलकांनी पाळलेले काही नियम वाचकाने आधी समजून घ्यावेत. सांगणाऱ्याची बोली शक्यतो तशीच ठेवली आहे. पेडण्याकडचे कोकणी-मालवणी वळण आणि त्यात मिसळलेली मराठी प्रमाण भाषेत घोटून सपाट केलेली नाही, कठीण शब्दांचे अर्थ त्या-त्या पानावर दिले आहेत. आठवण आणि कागद यांत विसंगती आली तिथे दोन्ही छापले आहेत. कोणते खरे याचा निवाडा ठिकठिकाणी टाळला आहे, आणि तो योग्यच टाळला आहे. खबरे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले त्यांची नावे गाळली आहेत, कारण त्यांची नातवंडे त्याच वाड्यांवर राहतात आणि आरोप करणाऱ्यांपैकी कोणीच तो सिद्ध करण्याच्या स्थितीत आता नाही. पोलिसांत नोकरीला असलेल्या गोमंतकीयांच्या घरच्यांनाही बोलते केले आहे. या विभागावर काही वाचक नाराज होतील. माझ्या मते पुस्तकातला तो सर्वांत धाडसी भाग आहे.

शेवटी एक उणीव नोंदवतो, जी पुढच्या अभ्यासकांनी भरून काढावी. लिस्बनच्या अभिलेखागारांत पोर्तुगीज गुप्त पोलिसांची दप्तरे आहेत. पणजीच्या लष्करी न्यायालयात चाललेल्या खटल्यांचे कागद आणि या आठवणी शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याचे काम पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या कोणीतरी हाती घ्यायला हवे. गोव्यात अशी माणसे अजून आहेत, आणि पुस्तकाच्या अखेरीस दिलेली गाववार सूची त्यांच्यासाठीच केली आहे: तेरेखोलपासून सुरू होऊन पात्रादेवी, इब्रामपूर, साळ, लाटंबार्से, अस्नोडा या क्रमाने, म्हणजे भूमिगत ज्या बाजूने उतरत त्याच बाजूने.